बोटांची भाषा आणि शब्दांची शिस्त



वसंतातील या ज्ञानसत्रात तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची मांडणी होते. त्या पंक्तीत आमचा विषय बसवला, तर तो अंगणात खेळणाऱ्या पोरासारखा दिसेल. काचेच्या पडद्यावर बोट किंवा लेखणी फिरवून जी यंत्रे आपण चालवतो, त्यांची माहितीपत्रके लिहिताना बोटांच्या हालचालींना कोणते शब्द योजावेत, आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच का असावेत, एवढाच आमचा आजचा विषय आहे. पण विषय लहान असला, तरी त्याच्या पोटात भाषेचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाशी या सभागृहातील प्रत्येकाचा रोज संबंध येतो, अशी आमची खात्री आहे.

एके काळी यंत्राचे माहितीपत्रक वाचण्याची वेळ फक्त यंत्र चालवणाऱ्या कारागिरावर येई. आज ती सर्वांवर आली आहे. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, बँकेतील पैसे हे सारे व्यवहार हाताएवढ्या काचेवर होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करावी, अशी व्यवस्था आली. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांच्या हातात पोषण ट्रॅकर आला. बांधावर उभा राहून, उन्हात डोळे बारीक करून, सूचना वाचत वाचत पिकाचे छायाचित्र पाठवणारा शेतकरी आपण डोळ्यांसमोर आणा. सूचनेतील एका शब्दापाशी तो अडला, तर त्याच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची राहते. शब्द लिहिणारा मात्र शहरातल्या कचेरीत पंख्याखाली बसलेला असतो. या दोघांमध्ये जो कागद असतो, त्या कागदावरच्या शब्दांविषयी आम्ही बोलत आहोत.

प्रथम हे पाहू, की सूचना वाचणारा मनुष्य कादंबरी वाचणाऱ्यापेक्षा वेगळा कसा असतो. साहित्यात पर्यायशब्द हे भूषण आहे. कमळाला पंकज म्हणावे, नीरज म्हणावे, अरविंद म्हणावे. अमरकोश पाठ करणाऱ्या पिढ्यांनी ही श्रीमंती अभिमानाने मिरवली. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला, तर गुरुजी त्याखाली लाल रेघ ओढत. ती सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पण सूचना वाचणारा मनुष्य रसास्वाद घेत नसतो. एक डोळा कागदावर आणि एक डोळा यंत्रावर ठेवून तो काम करत असतो. त्याने पहिल्या ओळीत ‘बटण दाबा’ असे वाचले, दुसऱ्या ओळीत ‘चिन्हाला स्पर्श करा’ असे वाचले, आणि तिसऱ्या ओळीत ‘पर्यायावर क्लिक करा’ असे वाचले, तर तो काय समजेल? लेखकाच्या मनात तिन्ही ठिकाणी एकच कृती आहे. पण वाचणारा सरळ मनाचा आहे. शब्द तीन, म्हणजे कृती तीन, असे तो धरून चालतो. मग ‘दाबा’ म्हटले तेथे तो जोर लावतो, ‘स्पर्श’ म्हटले तेथे हळूच बोट ठेवून वाट पाहतो, आणि ‘क्लिक’ म्हटले तेथे घरात माउस नाही म्हणून थांबतो. यात चूक वाचणाऱ्याची नव्हे. त्याने शब्दांवर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा अपराध.

आमच्या मते या विषयाचा सारा गाभा एका वाक्यात सांगता येतो: एका कृतीला एक शब्द, आणि एका शब्दाची एकच कृती. वाक्याचा पूर्वार्ध लोकांना चटकन पटतो. उत्तरार्ध अधिक अवघड आहे, आणि अधिक महत्त्वाचा आहे.

हा नियम आम्ही नव्याने सांगतो आहोत, असे नाही. विमानांची दुरुस्ती करणारे कारागीर देशोदेशींचे असतात, आणि त्यांच्या हातातील पुस्तके इंग्रजीत असतात. शब्दाचा अर्थ लावण्यात घोटाळा झाला, तर तो आकाशात भोवतो. म्हणून युरोपातील विमान-उद्योगाने १९८६ साली एक सुबोध, बांधीव इंग्रजी ठरवून दिली. तीत सर्वसाधारण शब्द सुमारे ९०० आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ शक्य तेथे एकच ठेवला आहे. इंग्रजीत ‘फॉलो’ या शब्दाचे ‘मागून येणे’ आणि ‘सूचना पाळणे’ असे दोन्ही अर्थ होतात. त्या नियमावलीत तो शब्द केवळ ‘मागून येणे’ या अर्थासाठी राखला आहे. सूचना पाळण्यासाठी दुसरा शब्द. भाषा त्यामुळे गरीब झाली, असे एखादा कवी म्हणेल. पण विमानात बसलेला प्रवासी तसे म्हणणार नाही.

आता बोटांच्या हालचालींना नावे देण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत, आणि प्रत्येकीला नाव आहे. पताक म्हटले की कोणते बोट ताठ आणि कोणते वाकलेले, हे शिष्याला उमगते. तबल्याचे बोल तरी दुसरे काय आहेत? कोणत्या बोटाने, कोठे आणि कसा आघात करायचा, याची ती नावेच होत. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तबल्यात एकच बोल निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळ्या बोटांनी वाजवतात, आणि तरी कोणाचे अडत नाही. कारण समोर गुरू बसलेला असतो. तो शिष्याचे बोट धरून योग्य जागी ठेवतो. माहितीपत्रकाच्या वाचकासमोर गुरू नसतो. शब्द हाच त्याचा गुरू.

यंत्रांच्या जगात ही नावे कशी आली, तेही थोडक्यात पाहू. आरंभी मान लेखणीचा होता. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी प्रकाश-लेखणीने संगणकाच्या पडद्यावर रेषा काढून दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी रँड या संस्थेने लेखणीने लिहिण्याची पाटी तयार केली. १९६५ साली इंग्लंडमध्ये मॉल्व्हर्न येथील ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, हा त्यांचा हेतू. पुढे १९९० नंतरच्या दशकात खिशात मावणारे, लेखणीने चालणारे संगणक आले. या शतकाच्या आरंभी आपल्या बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी सिंप्युटर केला, तोही लेखणीचाच. मग २००७ साली आयफोन आला, लेखणी बाजूला पडली, आणि एकाच वेळी अनेक बोटे काचेवर नाचू लागली.

त्या नाचाला नावे देताना मात्र प्रत्येक कंपनीने आपापली तऱ्हा ठेवली. बोट ठेवून थोडा वेळ न हलवता थांबणे, ही एकच साधी हालचाल घ्या. अ‍ॅपलच्या पुस्तकांत तिला ‘टच अँड होल्ड’ म्हटले, मायक्रोसॉफ्टच्या पुस्तकांत ‘प्रेस अँड होल्ड’, आणि अँड्रॉइडचे कार्यक्रम रचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ‘लाँग प्रेस’. २०१० साली ल्यूक रोब्लेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या यंत्रांवरील हालचाली एका तक्त्यात चित्रांसह मांडल्या, तेव्हा कोठे लोकांना कळले की हालचाली मोजक्या आहेत, नावेच फार आहेत. लेखणीच्या बाबतीत तर त्याआधीच, १९९९ साली, एक आंतरराष्ट्रीय मानक निघाले होते. मजकूर निवडणे, खोडणे, हलवणे, दोन शब्दांत जागा सोडणे, अशा कामांसाठी लेखणीच्या ठराविक खुणा त्यात सांगितल्या होत्या. पण कागदावर मानक असणे वेगळे, आणि चार कंपन्यांनी ते पाळणे वेगळे.

कंपन्यांच्या भांडणात आपण पडण्याचे कारण नाही. आपल्याला मराठीत लिहायचे आहे. तेव्हा शब्द निवडण्याआधी यंत्राला काय कळते, हे समजून घेणे बरे. यंत्राला आपला हेतू कळत नाही. ते फक्त चार गोष्टी मोजते: काचेवर बोटे किती आहेत, ती किती वेळ टेकली, ती जागची हलली का, आणि हलली तर कोणत्या दिशेने व किती वेगाने. बोट टेकून लगेच उचलले, तर एक अर्थ. जागच्या जागी सुमारे अर्धा सेकंद राहिले, तर दुसरा अर्थ. टेकून सरकले, तर तिसरा. अर्धा सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून थोडा अधिक वेळ. आणि एवढ्याशा अंतराने ‘उघडणे’ आणि ‘हलवणे अथवा काढून टाकणे’ ही दोन कामे वेगळी होतात. यंत्र जेथे भेद करते, तेथे आपल्या भाषेनेही भेद केला पाहिजे. आणि यंत्र जेथे भेद करत नाही, तेथे भाषेनेही करू नये. शब्दांची संख्या किती असावी, हे ठरवण्याची याहून चांगली कसोटी आम्हाला दिसत नाही.

या कसोटीवर आता आपले मराठी शब्द घासून पाहू.

पहिला शब्द ‘दाबा’. हा आपला घरचा शब्द. विजेचे बटण आपण दाबतो, दारावरची घंटा दाबतो. जुन्या तऱ्हेच्या पडद्यांना हा शब्द शोभतही होता, कारण त्यांत दोन पातळ थर एकमेकांना टेकेपर्यंत खरोखरच दाबावे लागे. हल्लीच्या मोबाईलची काच तशी नाही. बोटाच्या कातडीचा विद्युत्-परिणाम तिला जाणवतो; जोराची तिला गरजच नसते. अशा काचेपुढे वयस्क मनुष्याला आपण ‘दाबा’ म्हटले, की तो इमानाने दाबतो. जोराने दाबायचे म्हणजे वेळ लागतो. वेळ लागला, की यंत्र त्याचा ‘धरून ठेवणे’ असा अर्थ घेते, आणि पडद्यावरची चिन्हे थरथरू लागतात किंवा भलतीच यादी उघडते. मग घरातील नातू म्हणतो, ‘‘आजोबा, एवढं जोरात नका दाबू!’’ आजोबांनी मात्र कागदावर लिहिलेलेच केले होते. एवढ्यावर हे थांबले नाही. २०१५ साली आयफोनच्या एका नमुन्यात जोराने दाबणे ही एक स्वतंत्रच हालचाल झाली. २०१९ च्या नमुन्यांतून ती गेली. त्या चार वर्षांत ‘दाबा’ या निरुपद्रवी शब्दाला अकस्मात दोन अर्थ फुटले होते. म्हणून आमचे म्हणणे असे, की ‘दाबा’ हा शब्द यंत्राच्या कडेला असलेल्या खऱ्याखुऱ्या, आत जाणाऱ्या बटणांसाठी राखून ठेवावा. आवाज वाढवण्याचे बटण दाबा. पडद्यावरचे चित्र दाबू नका.

दुसरा शब्द ‘क्लिक’. हा माउसचा आवाज आहे. जेथे माउस आहे तेथे तो राहू द्यावा. पूर्वी काहींनी त्यासाठी ‘टिचकी मारा’ असा मराठी पर्याय रुळवला, आणि तो गोड आहे. पण काचेवर त्याची फसगत होते. टिचकी म्हणजे अंगठ्याच्या आधाराने बोट झटकन सोडणे. कॅरमचा स्ट्रायकर आपण टिचकीने मारतो. पडद्यावर तशी टिचकी कोणी खरोखर मारली, तर बोट झर्रकन सरकेल, आणि पान कोठल्या कोठे जाईल. शब्दाचे चित्र आणि कृतीचे चित्र यांची अशी फारकत झाली, की तो शब्द कितीही गोड असो, त्याला निरोप द्यावा.

तिसरा ‘स्पर्श करा’. शब्द शुद्ध, पण लांबट. आणि स्पर्श किती वेळ करायचा, ते तो सांगत नाही. ‘टेकवा’ हा बोट आणि लेखणी दोहोंना चालतो. पण भिंतीला पाठ टेकवतो तो मनुष्य लगेच उठत नाही, आणि येथे तर लगेच उचलणेच महत्त्वाचे आहे. त्या मानाने ‘बोट लावा’ हा प्रयोग आम्हाला फार आवडतो. गंधाचे बोट लावतात, चटणीला बोट लावून चव पाहतात; लावले आणि उचलले, हा भाव त्यात उपजतच आहे. घरोघरी माणसे ‘इथे बोट लाव’ असेच म्हणतात. त्याचा दोष एवढाच, की हातात लेखणी असली म्हणजे तो निरुपयोगी होतो. राहिला ‘टॅप करा’. शब्द परका आहे, पण छोटा आहे, बोटाला व लेखणीला सारखाच लागू पडतो, आणि पडद्यावरच्या मराठी सूचनांतून लोकांच्या कानावर पुष्कळ गेला आहे. तेव्हा जे पत्रक केवळ मोबाईलसाठी आणि नवख्या वाचकासाठी आहे, त्यात ‘बोट लावा’ म्हणावे. जेथे लेखणीही आहे, तेथे आरंभी ‘टॅप करणे म्हणजे बोट किंवा लेखणी लावून लगेच उचलणे’ असे एकदा सांगून पुढे ‘टॅप करा’ म्हणावे. दोन्हींपैकी कोणताही घ्या. दोन्ही एका पत्रकात मात्र घेऊ नका.

बोट जागच्या जागी ठेवून थांबण्यासाठी हल्ली ‘स्पर्श करा आणि धरून ठेवा’ असे लिहिलेले आढळते. ही इंग्रजी वाक्याला घातलेली मराठी टोपी आहे. मराठी मनुष्य ‘चित्रावर बोट धरून ठेवा’ असे म्हणेल, आणि त्यात काहीच उणे पडत नाही. किती वेळ, हेही वाचकाला हवे असते. अर्धा सेकंद म्हणून त्याला बोध होणार नाही. ‘यादी दिसेपर्यंत बोट धरून ठेवा’ असे म्हटले, की घड्याळाची गरज उरत नाही.

आता सरकण्याचे प्रकार. येथे दोन कृती खरोखर वेगळ्या आहेत. एखादी वस्तू बोटाखाली पकडून दुसरीकडे नेणे ही एक. तिला ‘ओढा’ हा शब्द नेमका आहे. गाडा ओढला तर गाडा आपल्याबरोबर येतो, आपण थांबलो की तोही थांबतो. दुसरी कृती म्हणजे कोणतीही वस्तू न पकडता काचेवरून बोट नेणे; तिला ‘सरकवा’ म्हणावे, पण ‘बोट सरकवा’ असे पूर्ण म्हणावे. ‘स्वाइप’ हा शब्द आम्ही टाळावा म्हणतो, तो तो परका आहे म्हणून नव्हे. दुकानात बँकेचे कार्ड यंत्रातून ओढण्यालाही लोक ‘कार्ड स्वाइप करणे’ म्हणतात. पैशांच्या व्यवहाराच्या पत्रकात ‘पैसे देण्यासाठी स्वाइप करा’ असे वाचून कोणी कार्ड शोधू लागला, तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. झटक्याने सरकवण्याला इंग्रजीत ‘फ्लिक’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत ‘बोट झटकन सरकवा’ म्हटल्याने काम भागते. नव्या नावाचा भार वाचकाच्या डोक्यावर कशाला?

सरकवण्यातील खरा घोटाळा दिशेचा आहे. ‘पान वर सरकवा’ म्हणजे काय? बोट वर न्यायचे, की पानाचा वरचा भाग पाहायचा? बोट वर नेले, की खालचा मजकूर दिसतो. संगणकावर अनेक वर्षे नेमके याच्या उलट चालत असे. खालचा मजकूर पाहायचा तर पट्टी खाली न्यायची. २०११ साली अ‍ॅपलने आपल्या संगणकांतही काचेची रीत आणली, तेव्हा जुन्या सवयीच्या लोकांना दिशा उलटल्यासारखी वाटली. यावर उपाय एकच: दिशा नेहमी बोटाची सांगावी, पानाची कधीही सांगू नये. ‘खालचा मजकूर पाहण्यासाठी बोट वर सरकवा.’ हेतू आधी, हालचाल नंतर. या वाक्यात संशयाला जागा राहत नाही.

दोन बोटांच्या हालचालींत इंग्रजीची स्वतःचीच तारांबळ उडाली आहे. ‘पिंच’ म्हणजे चिमटा. बोटे जवळ आणण्याला तो शब्द ठीक आहे. पण बोटे दूर नेण्याला कोणी ‘स्प्रेड’ म्हणतात, कोणी ‘स्ट्रेच’, आणि कोणी ‘पिंच ओपन’, म्हणजे उलटा चिमटा! आपल्याकडे ‘चिमटा काढा’ म्हटले, तर वाचक शेजाऱ्याकडे पाहील. मराठीत सरळ मार्ग आहे: ‘दोन बोटे जवळ आणा’ आणि ‘दोन बोटे फाकवा’. शब्द नेहमीचे, चित्र स्पष्ट, आणि शिकवण्याची गरज नाही.

लेखणीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. बोटाला जे येत नाही, ते लेखणीला येते. काही लेखण्या काचेला न टेकताही पडद्याला जाणवतात. अशी लेखणी काचेवर अधांतरी धरली, की पडद्यावर ठिपका दिसतो. काहींना कडेला बटण असते, काहींच्या दुसऱ्या टोकाने खोडता येते, आणि काही तिरप्या धरल्या तर रेघ जाड उमटते. यांपैकी प्रत्येकीला वेगळे शब्द हवेत, कारण यंत्र तेथे वेगळा अर्थ घेते. पण जी हालचाल बोट आणि लेखणी यांना समान आहे, तिला शब्दही समान ठेवावा. बोटाने ओढायचे आणि लेखणीने खेचायचे, असा भेद करू नये. साधनाचे नाव कधी घ्यावे? जेथे साधन बदलले की परिणाम बदलतो, तेथे अवश्य घ्यावे. चित्रे काढण्याच्या कित्येक कार्यक्रमांत बोटाने कागद सरकतो आणि लेखणीने रेघ उमटते. तेथे ‘बोटाने कागद सरकवा, लेखणीने रेघ काढा’ असे फोड करून सांगितले पाहिजे. आणि लेखणीने अक्षरांवरून अक्षर काढणे यासाठी तर आपल्याजवळ ‘गिरवणे’ हा असा शब्द आहे, की ज्याच्यात धूळपाटीपासून आजपर्यंतच्या सगळ्या पिढ्यांचे बालपण साठले आहे. नवा शब्द घडवण्यापूर्वी घरातली फडताळे एकदा उघडून पाहावीत, ती यासाठी.

येथवर आम्ही हालचालींच्या नावांविषयी बोललो. पण याहून मोठा प्रश्न असा आहे, की हालचालीचे नाव प्रत्येक वेळी घ्यावेच का? एकच पत्रक कोणी माउसने चालणाऱ्या संगणकावर वाचतो, कोणी मोबाईलवर, कोणी लेखणी हातात धरून. आणि एक वाचक असा आहे, की ज्याला आपण सहसा विसरतो. अंध मनुष्यही हीच यंत्रे वापरतो. २००९ सालापासून आयफोनमध्ये, आणि त्याच सुमारास अँड्रॉइडमध्ये, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय आली. ती सुरू असताना हालचालींचे अर्थच बदलतात. एकदा बोट लावले, की यंत्र त्या जागी काय आहे ते बोलून सांगते. ते उघडायचे असेल, तर दोनदा बोट लावावे लागते. आता ‘‘पुढे जा’ या शब्दांवर एकदा टॅप करा’ ही सूचना डोळस वाचकाला बरोबर आहे, आणि अंध वाचकाला चुकीची आहे. त्याच जागी ‘‘पुढे जा’ निवडा’ असे लिहिले असते, तर ती दोघांनाही बरोबर ठरली असती. कारण ‘निवडणे’ हा हेतू आहे, आणि हेतू दोघांचा एकच आहे.

म्हणून आम्ही असे सुचवतो: सूचनांच्या ओघात हेतूचे शब्द वापरावेत. निवडा, उघडा, बंद करा, हलवा, मोठे करा. हालचालीचे शब्द तेथेच आणावेत, जेथे हालचाल हीच शिकवण्याची गोष्ट आहे, किंवा ती न सांगितली तर वाचकाला उमगणार नाही. पडद्यावर बटण दिसते आहे, तेव्हा ते कसे वापरायचे हे दर ओळीला सांगायला नको. पण बोट धरून ठेवले की यादी उघडते, ही गोष्ट पडद्यावर कोठेच दिसत नाही. ती सांगितलीच पाहिजे. पत्रकाच्या आरंभी हालचालींचा छोटासा तक्ता द्यावा, अंध वाचकाच्या हालचालींसह. आणि पुढचे सारे पत्रक हेतूच्या शब्दांत चालवावे.

आता एक आक्षेप आमच्या कानांवर आदळण्यापूर्वीच त्याचा विचार करतो. ‘‘तुम्ही ‘टॅप’ स्वीकारता, ‘स्वाइप’ नाकारता. मग तुम्ही भाषाशुद्धीच्या बाजूचे, की विरुद्ध?’’ महाराष्ट्राला हा वाद जुना आहे. छत्रपती शिवाजीमहाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द दिले, आणि आज ते परके वाटत नाहीत. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि परिभाषेचे काम सरकारी पातळीवर सुरू झाले. या प्रयत्नांतून जे शब्द जगले, ते का जगले? संस्कृत होते म्हणून सगळे जगले नाहीत, आणि संस्कृत होते म्हणून सगळे मेलेही नाहीत. जे शब्द कचेऱ्यांतून, वर्तमानपत्रांतून, पाट्यांवरून एकसारखे, न बदलता, वर्षानुवर्षे वापरले गेले, ते रुळले. शब्दाचे कूळ कोणते, याहून त्याचे वागणे कसे आहे, हे पाहावे. ‘टॅप’चे वागणे सरळ आहे, ‘स्वाइप’चे दुटप्पी आहे, ‘ओढा’चे सरळ आहे, ‘टिचकी’चे येथे दुटप्पी आहे. आमची निवड एवढ्याच न्यायाने झाली आहे.

इंग्रजीतून नियमही आंधळेपणाने घेऊ नयेत. तिकडची शैलीपुस्तके बजावतात, की ‘क्लिक ऑन’ लिहू नका, नुसते ‘क्लिक’ लिहा. त्यांच्या भाषेत ते शोभते. त्याची नक्कल करून कोणी ‘बटण टॅप करा’ लिहितात. मराठीला विभक्तिप्रत्ययाची आणि शब्दयोगी अव्ययाची लाज वाटत नाही. ‘बटणावर टॅप करा’, ‘बटणाला बोट लावा’, ‘चित्रावर बोट धरून ठेवा’ असेच लिहावे. तसेच क्रियापदाचे रूपही एक ठेवावे. एका ओळीत ‘निवडा’, दुसरीत ‘निवडावे’, तिसरीत ‘निवडणे’, असे झाले की पहिली आज्ञा, दुसरा उपदेश आणि तिसरी जंत्री वाटते.

हे करायचे कोणी? आमच्या मते यासाठी मोठी समिती नको. ज्या कचेरीतून, बँकेतून किंवा कारखान्यातून अशी पत्रके निघतात, तेथे एका पानाची यादी पुरे. डावीकडे हालचाल, मध्ये तिचा एक शब्द, उजवीकडे ‘हे शब्द वापरू नयेत’ असा रकाना. हा तिसरा रकाना लोक विसरतात, आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. कारण पर्यायशब्द मागील दाराने तेथूनच येतात. पत्रक लिहिणारा बदलला, छापणारा बदलला, तरी यादी बदलता कामा नये. आणि पडद्यावर जो शब्द दिसतो, तोच कागदावर आला पाहिजे. पडद्यावर ‘जतन करा’ आणि कागदावर ‘सेव्ह करा’ असे झाले, तर बाकीची सारी शिस्त वाया गेली. शेवटी, लिहून झालेले पत्रक ज्याच्यासाठी लिहिले, त्याच्या हाती एकदा द्यावे, जवळ बसावे, आणि तोंडातून अवाक्षर न काढता त्याचे बोट कोठे थबकते ते पाहावे. ज्या शब्दापाशी बोट थबकेल, तो शब्द बदलावा. असा परीक्षक कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.

श्रोतेहो, आपण सगळे माहितीपत्रके लिहीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आपण सगळे कोणाला ना कोणाला हे यंत्र शिकवतो. आईला, शेजारच्या काकांना, घरी कामाला येणाऱ्या मावशींना. तेव्हाही हाच नियम उपयोगी पडेल. एकदा ‘दाब’, एकदा ‘टच कर’, एकदा ‘क्लिक कर’ असे न म्हणता एकच शब्द धरा, आणि दहा वेळा तोच उच्चारा. दहाव्या वेळी आपल्याला त्याचा कंटाळा येईल. पण बहुधा त्याच वेळी तो समोरच्याच्या बोटांत उतरलेला असेल. शिकवणाऱ्याने कंटाळा सोसावा, म्हणजे शिकणाऱ्याला भीती सोसावी लागत नाही. भाषेतील शिस्त ही अशी दुसऱ्यासाठी घेतलेली तसदी असते.